मॅनिफोल्ड गॅस्केट: गळती कुठली, ओळखायची कशी आणि गॅस्केट बदलायचं कसं

पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर जोडला आणि पडद्यावर पी०१७१ हा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की इंजिनच्या कॉम्प्युटरला हवा जास्त आणि पेट्रोल कमी दिसतंय. ती जास्तीची हवा इंजिनात शिरताना घुसली की जळून बाहेर पडलेल्या वायूत नंतर मिसळली, हे कोड सांगत नाही. पहिला प्रकार असेल तर संशय इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर जातो, दुसरा असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या. दोन्ही गॅस्केटं एकाच सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाला, बसतात, बऱ्याच इंजिनांत अगदी समोरासमोरच्या बाजूंना. पण त्यांचं काम एकमेकांच्या उलट, त्यांच्यावर पडणारा ताण वेगळा, आणि ती निकामी होण्याची कारणंही वेगळी. हे न पाहता कोडवरून आधी ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, मग एअरफ्लो सेन्सर, मग इंजेक्टर साफ करायचे, आणि दिवा तसाच, असा खर्च खूप लोक करतात. तो टाळता येतो. त्यासाठी ही दोन गॅस्केटं नक्की काय करतात ते समजून घ्यायला हवं.

हेडच्या दोन बाजू

सिलिंडर हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक वाट हवा आत घेणारी असते आणि एक वाट धूर बाहेर सोडणारी. या वाटांना पोर्ट म्हणतात. एअर फिल्टर आणि थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडबंद होणारी हवेची झडप, ओलांडून आलेली हवा सगळ्या सिलिंडरांत सारखी वाटून देणारा फाटेदार भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. सगळ्या सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून एका पाइपात आणणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. दोन्ही हेडवर नट-बोल्टने आवळलेले असतात आणि मध्ये गॅस्केट असतं, गॅरेजात ज्याला सरळ पॅकिंग म्हणतात. हेड गॅस्केट हा वेगळा भाग. ते हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये असतं आणि ते बदलणं फार मोठं काम आहे. त्यामुळे ‘गॅस्केट गेलंय’ एवढंच कुणी सांगितलं तर कुठलं गॅस्केट, हे आधी विचारा.

मॅनिफोल्ड थेट हेडवर आवळला तर काय बिघडेल? मशीनवर कितीही सपाट केलेला धातू बारकाईने पाहिला तर त्यावर उंचवटे आणि खाचा असतातच. दोन असे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की उंचवटे टेकतात आणि खाचांमधून वायूला वाट मिळते. गॅस्केट त्या खाचा भरून काढतं. पण ते काही चिकटवलेलं नसतं. त्याला जागेवर धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा मागे येऊ पाहतो, आणि त्या ओढीने मॅनिफोल्ड हेडवर दाबला जातो. हा दाब कुठल्याही एका ठिकाणी कमी पडला की गळती तिथून सुरू होते. विशेषतः एक्झॉस्टकडे बहुतेक वेळा गॅस्केट स्वतःहून खराब होत नाही. बोल्ट सैल होतो, स्टड (हेडमध्ये बसवलेला, डोकं नसलेला बोल्ट) तुटतो किंवा मॅनिफोल्ड वाकतो, आणि त्याचा मार गॅस्केट खातं. हे ध्यानात घेतलं नाही तर नवं गॅस्केट टाकूनही काही महिन्यांत तीच गळती परत येते.

हवा चोरून आत येते तेव्हा

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पिस्टन हवा ओढत राहतात, पण हवेला यायला वाट अरुंद. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डच्या आत पोकळी तयार होते. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं फिरत असताना, मॅनिफोल्डच्या आतला दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलवर उतरतो. म्हणजे बाहेरची हवा साठ-सत्तर किलोपास्कलच्या जोराने प्रत्येक फटीतून आत शिरायला टपलेली असते. इनटेक गॅस्केटचं काम तिला अडवायचं. आतलं काही बाहेर सांडत नाही, बाहेरचं आत येतं. म्हणूनच ही गळती डोळ्यांना दिसत नाही, खाली थेंब पडत नाहीत आणि पुष्कळदा निदान चुकतं.

लहान फट म्हणजे किती लहान? दीड लिटरच्या आसपासचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम हवा घेतं. दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकातून, एवढ्या दाबाच्या फरकाने, सेकंदाला साधारण अर्धा ग्रॅम हवा आत येते. हिशेब केला तर इंजिनला लागणाऱ्या हवेचा पाचवा-सहावा हिस्सा या चोरवाटेने आला. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबात एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, आणि कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो ते एअरफ्लो सेन्सरवरून गेलेल्या हवेच्या हिशेबाने. चोरवाटेची हवा सेन्सरपुढून गेलेलीच नाही, त्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोलही नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं, सिग्नलला उभं असताना आरपीएम वरखाली होत राहतो, कधी बारीक शिट्टी किंवा सुस्कारा ऐकू येतो.

तेच इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पळवलं तर सेकंदाला साठ-सत्तर ग्रॅम हवा घेतं, आणि थ्रॉटल उघडा असल्याने मॅनिफोल्डमधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते. भोक तेवढंच, पण त्यातून येणारी हवा नगण्य. म्हणून इनटेकची गळती असलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर सुरळीत चालते आणि थांबली की कुरकुरते. निदानासाठी मला या एका फरकाइतका उपयोगी दुसरा कुठलाच धागा वाटत नाही.

सगळ्या गाड्यांत चित्र असंच दिसेल असं मात्र नाही. काही इंजिनांत एअरफ्लो सेन्सर नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे चोरून आलेल्या हवेने दाब वाढतो, कॉम्प्युटर तो वाढलेला दाब खरा धरून पेट्रोलही जास्त देतो, आणि मिश्रण फारसं न बिघडता आयडलिंगच चढतं. डिझेलमध्ये गोष्ट आणखी वेगळी. तिथे पेट्रोलसारखी पोकळी नसते आणि आजकालच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांना टर्बो असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये उलट बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो. गॅस्केट गेलं की दाबलेली हवा बाहेर निसटते, पिकअप मरतो, चढावर काळा धूर निघतो आणि जोडाच्या कडेला तेलकट काळा डाग दिसू लागतो.

इनटेक गॅस्केटच्या वाट्याला भट्टीसारखी उष्णता येत नाही. त्याला त्रास होतो तो म्हातारपणाचा. पूर्वी ही गॅस्केटं कागदी किंवा तंतुमय पुठ्ठ्याची असत. आता बहुतेक मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि त्यांच्या खाचेत रबरी कडी बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने हे रबर कडक होतं, चपटं होतं, त्याची उसळी जाते. थंड इंजिनात ते आणखी आक्रसतं. त्यामुळे सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटं गाडी थरथरते आणि गरम झाली की शहाण्यासारखी चालते, अशी तक्रार आली तर इनटेक गॅस्केटचा विचार आधी करावा.

काही व्ही आकाराच्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डमधून कूलंटही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रवही, वाहतो आणि तेच गॅस्केट कूलंटलाही अडवतं. तिथे गळती झाली तर कूलंट तेलात उतरू शकतो. तेलाच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ, फेसाळ थर दिसला, कूलंट बाहेर न सांडता कमी होत असेल, तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. कूलंट मिसळलेलं तेल बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही. फक्त थंड दिवसांत लहान फेऱ्यांनी झाकणाखाली जमणारी थोडी ओल निराळी, ती इंजिन पूर्ण तापलं की उडून जाते.

आगीच्या बाजूचं गॅस्केट

आता हेडच्या दुसऱ्या बाजूला. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एक्झॉस्ट पोर्टमधून निघणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, टर्बो पेट्रोलमध्ये त्याहूनही वर. डिझेलचा तुलनेने थंड, पण तोही काही कमी नाही. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं उभं असतं तेव्हाही या गॅस्केटवर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धक्के बसतात. इथे रबर टिकणार नाही. म्हणून पातळ स्टीलच्या पत्र्यांचे थर एकावर एक रचलेलं गॅस्केट वापरतात, किंवा स्टीलच्या गाभ्यावर ग्राफाइट चढवलेलं. थरांच्या पत्र्यांवर पोर्टभोवती उठाव दिलेले असतात, आवळल्यावर ते दबतात आणि स्प्रिंगसारखे सतत वर दाब देत राहतात.

पण उष्णता हे अर्धंच कारण. खरा प्रश्न दोन धातू वेगवेगळे फुगण्याचा आहे. अर्धा मीटर लांब ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापला तर तो सुमारे तीन मिलिमीटर लांब होतो. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम तेवढ्याच तापमानवाढीला लोखंडाच्या दुपटीहून जास्त फुगतं, पण हेडला कूलंट थंड ठेवत असल्याने ते शंभरएक अंशांपर्यंतच तापतं आणि तेवढ्याच लांबीत एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली की मॅनिफोल्ड हेडवरून दोन मिलिमीटर सरकू पाहतो, थंड झाली की परत येतो. गाडीच्या आयुष्यात हे हजारो वेळा होतं. म्हणून नीट रचना केलेल्या मॅनिफोल्डला मधल्या बोल्टची भोकं नेमकी आणि टोकांची भोकं मोठी किंवा लांबट ठेवतात, सरकायला जागा मिळावी म्हणून. गॅस्केटलाही हे घासणं सोसावं लागतं. आणि म्हणूनच स्टड तुटतात ते जास्त करून टोकांचे.

टोकाचा स्टड तुटला की मॅनिफोल्डचं ते टोक तापल्यावर हेडपासून उचललं जातं, गरम वायू फटीतून निसटतो, गॅस्केटची कड जाळतो, फट वाढते. पुढे मॅनिफोल्ड त्याच वाकड्या अवस्थेत कायमचा राहतो. याची पहिली खूण म्हणजे थंड इंजिन सुरू केल्यावर येणारा टिक-टिक आवाज. धातू तापून फुगला की फट मिटते आणि पाच-दहा मिनिटांत आवाज दबतो. पुष्कळांना तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, वाटतो, कारण दोन्ही आवाज एका सिलिंडरमागे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच येतात, त्यामुळे तालावरून फरक कळत नाही. फरक कळतो तो जोर पडल्यावर. ॲक्सिलरेटर दिल्यावर, चढावर, आवाज मोठा आणि फटफटीत झाला तर तो एक्झॉस्टचा. शिवाय जोडाच्या कडेला काजळीचे काळे फराटे दिसतात, आणि ते खोटं सांगत नाहीत.

हा आवाज सहन करत महिनोन्‌महिने गाडी चालवणारे लोक आहेत, आणि त्यांना मी कळकळीने सांगेन की हे करू नका. मॅनिफोल्डचं गॅस्केट धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी येतं. इथून निसटणारा वायू अजून शुद्ध झालेला नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या तळाशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते, म्हणजे गळणाऱ्या मॅनिफोल्डपासून फार लांब नाही. गाडीत बसल्यावर जळकट वास येतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि बाहेर उतरलं की बरं वाटतं, असं होत असेल तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. बंद गॅरेजात तर इंजिन कधीच सुरू ठेवू नका.

एकच कोड, दोन उलटी कारणं

आता सुरुवातीच्या कोडकडे. एक्झॉस्टच्या फटीतून वायू बाहेर जातो, मग कॉम्प्युटरला हवा जास्त का दिसते? कारण एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, धक्क्याधक्क्यांनी येतो. एक धक्का पुढे गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते. सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असं कळवतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. पण सिलिंडरमधलं मिश्रण मुळात बरोबरच होतं, ते आता नको तेवढं जाड होतं. ॲव्हरेज पडतं, आणि जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

इनटेकच्या गळतीत मिश्रण खरोखर पातळ झालेलं असतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून ते सावरतो. एक्झॉस्टच्या गळतीत ते ठीक असतं आणि कॉम्प्युटर ते बिघडवतो. स्कॅनरवर दोन्ही सारखंच दिसतं. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा, दोन्हीकडे वर गेलेला असतो. साधारण दहा टक्क्यांच्या आत फरक चालतो, वीस-पंचवीसपर्यंत गेला की दिवा लागतो. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप चढलेला आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ नेहमीसारखा, असं दिसलं तर इनटेककडची चोरवाट जवळपास नक्की. पण एक्झॉस्टची लहान फटसुद्धा आयडलिंगलाच जास्त फसवते, म्हणून ट्रिमबरोबर कानाची आणि डोळ्यांची साक्षही घ्यावी. काजळी आणि टिकटिक असेल तर एक्झॉस्ट. शिट्टी, सुस्कारा आणि वरखाली होणारा आरपीएम असेल तर इनटेक.

गॅरेजमध्ये खात्री करायची सर्वात चांगली पद्धत धुराची. इंजिन बंद ठेवून कमी दाबाचा धूर मॅनिफोल्डमध्ये सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून पाहतात. इनटेक, व्हॅक्यूमच्या नळ्या, थ्रॉटलखालचं गॅस्केट, सगळं एकदम तपासून होतं. ही तपासणी केल्याशिवाय मॅनिफोल्ड खोलायला परवानगी देऊ नका, असंच मी म्हणेन, कारण एखादी चिरलेली रबरी नळी हुबेहूब गॅस्केटसारखी लक्षणं दाखवते आणि ती दोन मिनिटांत बदलता येते. घरी करायचं तर इंजिन सुरू असताना इनटेकच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहता येतो. फटीत पाणी अडकलं की क्षणभर आयडलिंग बदलतं. वायरिंग, कॉइल आणि एक्झॉस्टपासून फवारा लांब ठेवा. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून तपासण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तो पेट घेणारा द्रव आहे आणि समोर तापलेलं इंजिन.

खोलताना

इनटेक मॅनिफोल्ड हाताशी असेल, बोल्ट दिसत असतील, तर सावकाश काम करणाऱ्या माणसाला घरी जमण्यासारखं काम आहे. एक्झॉस्टचं तसं नाही. गंजलेले स्टड दिसत असतील तर मी ते अनुभवी मेकॅनिककडेच द्या म्हणेन, कारण अख्खं काम गॅस्केटचं नसून स्टडचं होऊन बसतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. फ्युएल रेल, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी, काढावी लागणार असेल तर आधी पेट्रोलचा दाब उतरवायचा. मॅनिफोल्डमधून कूलंट जात असेल तर तो बोल्ट सोडण्याआधी काढून घ्यायचा, नाहीतर तो थेट पोर्टमध्ये ओघळतो. नळ्या आणि सॉकेट सोडण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. मॅनिफोल्ड निघाला की उघडे पोर्ट लगेच स्वच्छ कापडाने बुजवा, आणि किती कापडं घातली ते मोजून ठेवा. पोर्टमध्ये पडलेला एक वॉशर पिस्टन आणि व्हॉल्व्हची वाट लावायला पुरेसा असतो.

एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट सोडताना एकदम जोर लावायचा नाही. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा थोडा मागे, पुन्हा पुढे. तरी हलत नसेल तर नटाला उष्णता देतात. स्टड हेडमध्येच तुटला तर उरलेल्या थुटाला नट वेल्ड करून तो फिरवून काढणं ही चांगली पद्धत, कारण वेल्डच्या उष्णतेने गंजही सुटतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हाताने वाकडंतिकडं ड्रिल घालणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून ते सावरता येतात, पण भोकच तिरकं गेलं तर फार अवघड होतं.

साफसफाई आणि सपाटी

माझ्या मते अर्धं काम इथे आहे, आणि घाईत याच टप्प्यावर पाणी पडतं. जुन्या गॅस्केटचा प्रत्येक कण दोन्ही पृष्ठभागांवरून निघायला हवा. ॲल्युमिनियमवर प्लॅस्टिकचं खरवडणं वापरायचं. लोखंडी पटाशीचा एक आडवा ओरखडा पोर्टपासून बाहेरपर्यंत गेला की तो नव्या गळतीचा रस्ता झाला. मशीनवर फिरणारी घासणारी चकती तर टाळाच. तिचे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण पोर्टमधून किंवा तेलाच्या वाटांमधून आत गेले तर बेअरिंग खातात. शेवटी सॉल्व्हंटने पुसून पृष्ठभाग कोरडा करायचा. बोल्टची भोकं मागून बंद असतील तर त्यांतलं तेल-पाणीही काढायचं. भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा नसते आणि धातू तडकू शकतो.

फार जुन्या गाडीवर काम करत असाल तर मूळ गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासायचं नाही, तारेचा ब्रश नाही, फुंकर तर नाहीच. ओलं करून काढायचं आणि पिशवीत बंद करून टाकायचं.

मग सपाटी. पृष्ठभागावर सरळ पोलादी पट्टी लांबीत आणि तिरकी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकतो का पाहायचं. किती फट चालेल ते त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, इनटेकला बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, एक्झॉस्टला थोडी जास्त. मॅनिफोल्ड वाकलेला निघाला तर मशीन शॉपमधून फेसिंग करून घ्यायचं, तडा असेल तर बदलायचा. वाकड्या मॅनिफोल्डवर जाड गॅस्केट किंवा दोन गॅस्केटं टाकून भागवू नये. नायलॉनचा मॅनिफोल्ड वाकला तर तो घासून सरळ होत नाही, नवाच घ्यावा लागतो. याच वेळी एक्झॉस्टचा पाइप धरणारे रबरी हँगर आणि इंजिनचे माउंटिंगही पाहून घ्या. ते तुटलेले असले की पाइपचं वजन आणि हिसके मॅनिफोल्डवर येतात, आणि स्टड त्यामुळेच तुटलेले असू शकतात.

बसवताना

जुनं गॅस्केट चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही. ते एकदा दबलं की त्याची उसळी संपलेली असते. नवं गॅस्केट पोर्टवर धरून सगळी भोकं जुळतात का आणि बाजू उलटी तर नाही ना ते पाहा. ग्राफाइटचं गॅस्केट वाकवू नका, त्याला तडे जातात. एक्झॉस्टला नवे नट, आणि स्टड खराब असतील तर नवे स्टड घ्या. फ्युएल रेल काढली असेल तर इंजेक्टरच्या ओ-रिंगाही नव्या टाका, नाहीतर उद्या तिथून गळेल.

सीलंटचा मोह फार असतो. मॅन्युअल सांगत असेल तिथेच, आणि सांगेल तेवढाच लावायचा. काही व्ही इंजिनांत इनटेकच्या कोपऱ्यांवर त्याचा थेंब लागतो, इतरत्र कोरडं गॅस्केटच अपेक्षित असतं. रबरी कडीवर सिलिकॉन लावला तर कडी सरकते. एक्झॉस्टच्या तापमानाला साधा सिलिकॉन काही मिनिटांत जळून जातो, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते.

सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचे, मग मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन किंवा तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. मधून बाहेर का? कारण टोकं आधी आवळली तर मधला फुगवटा अडकून राहतो. आकडा मॅन्युअलचाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, नायलॉन मॅनिफोल्डचे छोटे बोल्ट बहुधा दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतात आणि एक्झॉस्टचे आठ मिलिमीटरचे स्टड वीस-पंचवीसच्या. दहा न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा हलका जोर. त्यावर ‘अजून थोडं घट्ट’ करण्याने नायलॉन चिरतो. आट्यांना तेल किंवा अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं असेल तर घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर जास्त ताण येतो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर कोरडेच ठेवा.

पोर्टमधली कापडं मोजून काढली का? मग कूलंट भरून हवा काढा. कूलंट तेलात गेला असेल तर तेल आणि फिल्टर बदला, आणि बॅटरी जोडून इंजिन सुरू करा. पहिली काही मिनिटं एक्झॉस्टकडून थोडा धूर येईल, तो हाताळताना लागलेल्या तेलाचा. कॉम्प्युटरची जुनी दुरुस्ती पुसण्यासाठी कोड साफ करा. काही गाड्यांना आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. मग गाडी पूर्ण तापवून ट्रिमचा आकडा आयडलिंगला आणि अडीच हजार आरपीएमला पाहा. दोन्हीकडे तो शून्याच्या जवळ आला असेल तर इनटेकचं काम झालं. एक्झॉस्टची तपासणी त्या दिवशी पुरी होत नाही, कारण तापलेल्या धातूत फट लपते. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी बॉनेट उघडून सुरू करा आणि पहिली दोन मिनिटं टिकटिक येते का ते ऐका. मॅन्युअलने काही दिवसांनी नट पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर तेही चुकवू नका, आणि ते थंड इंजिनवरच करा.